गाडीपर्यंतचा रस्ता

गाडी विकत घेणारं माणूस आपल्या पायांनी पायऱ्या चढून आत येणार, हे शोरूम बांधणाऱ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मला तसं येता येत नाही. माझ्या दोन्ही पायांना पोलिओ आहे. उजव्या पायात मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आणि दोन्ही हातांत कुबड्या घेऊन मी चालते. शिनोलीहून निघून पुण्याजवळच्या एका शोरूममधून मी माझी गाडी ताब्यात घेतली, त्या दिवसाची हकिकत इथे लिहिते आहे. आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात गाडी घ्यायची इच्छा असलेली माझ्यासारखी माणसं आहेत. हप्ता किती बसेल, ॲव्हरेज किती देईल, हे त्यांना सगळे सांगतात. गाडीपर्यंत पोचायचं कसं, हे सांगणारं मला तरी कुणी भेटलं नव्हतं.

शिनोली घोडेगावच्या पश्चिमेला, मंचरहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे डिंभे धरण लागतं आणि तिथून डोंगर सुरू होतो. मी घोडेगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. जाण्यायेण्यासाठी बरीच वर्षं मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर वापरली. त्या स्कूटरने मला नोकरी टिकवून दिली. पण पावसाळ्यात या पट्ट्यात पाऊस आडवा येतो. कुबड्या पायाशी बांधायच्या, रेनकोट घालायचा आणि भिजलेल्या कॅलिपरसकट दिवसभर खुर्चीत बसायचं. चामड्याचे पट्टे ओले राहिले की मांडीला जखमा होतात. संध्याकाळी परतताना अंधार पडला तर वेगळीच धास्ती. जुन्नर वनविभागात बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही, उसाच्या कडेने जाणाऱ्या दुचाकीवर त्याने झेप घातल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. धडधाकट माणूस निदान ओरडत पळेल तरी. मी स्कूटरवरून उतरायलाच वेळ घेते.

त्यात खांदे दुखायला लागले. देशभर पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याचा आनंद मला कुणाहीपेक्षा जास्त झाला. पण त्याआधी पोलिओ झालेली आमची पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. इतकी वर्षं पायांचं काम खांद्यांनी केलं, आता खांदे झिजत आहेत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की चालणं आणि चढणं कमी करा, नाहीतर हातही जातील. म्हणून गाडी. हौस होती, नाही म्हणत नाही, पण गरज त्याहून मोठी होती.

२०२३ साली मी गाडी बुक केली. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हाताने चालवण्यासाठी स्टिअरिंगच्या डावीकडे एक दांडी बसवायची होती. दांडी पुढे ढकलली की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढली की वेग वाढतो. स्टिअरिंगवर एक गोल मूठ बसते, त्यामुळे ते एका उजव्या हाताने फिरवता येतं. पायाखालचे पेडल तसेच राहतात, म्हणून घरातलं दुसरं कुणीही तीच गाडी नेहमीसारखी चालवू शकतं. एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था पुण्यातच आहे. तिची मान्यता असलेलंच किट मी निवडलं, कारण आरटीओला ते दाखवावं लागतं. बदल केलेली गाडी तपासून आरसीवर तशी नोंद झाली, की मगच ती आमच्यासाठी कायदेशीर होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गाड्यांची स्वतंत्र व्याख्या आहे. त्याआधीच्या व्याख्येत मुळापासून अपंगांसाठी बांधलेलीच गाडी बसत होती, साधी गाडी घेऊन तीत बदल केलेला बसत नव्हता.

कागदांचं काम मोठं होतं, पण ते घरबसल्या झालं, हे आधी सांगायला हवं. त्या वेळी चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीवर इतरांना २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. हाडांचं किंवा स्नायूंचं ४० टक्के अथवा अधिक अपंगत्व असलेल्याला १८ टक्के. त्यासाठी केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र लागायचं आणि पाच वर्षं गाडी विकणार नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं. अर्ज ऑनलाइन होता. भावाने मोबाइलवर फोटो काढून कागद चढवले. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ लिहायची सोय ऑक्टोबर २०२०पासून आहे. ती नोंद मी आग्रहाने करून घेतली. टोलची सूट, विम्यातली सवलत, जे पुढे मागायचं ते त्या नोंदीच्या आधाराने मागता येतं. दिल्लीतल्या मंत्रालयाचा कागद शिनोलीत माझ्या हातात आला. घराबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही.

मग शोरूममधून फोन आला. “मॅडम, गाडी तयार आहे. डिलिव्हरी घ्यायला या.”

मी विचारलं, गाडी घरी पोचवता येईल का? म्हणाले, तशी पद्धत नाही, ग्राहकाने येऊनच सह्या करायच्या. मी अंतर सांगितलं, पाय सांगितले. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “या ना मॅडम, आम्ही आहोत सगळे.”

शिनोलीहून तिथवर साठ-सत्तर किलोमीटर. एसटीत आम्हाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि आमच्या मार्गावरचे कंडक्टर मला ओळखतात, हात देतात. पण मांडीपर्यंत कॅलिपर असलेल्या पायाला बसची पहिली पायरी फार उंच पडते. वर चढायचं म्हणजे दांड्याला धरून अख्खं शरीर हातांवर उचलायचं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच नको म्हटलेलं. त्यात मंचरला बदला, भोसरीला उतरा, तिथून रिक्षा. शेवटी गावातल्या एकाची ईको भाड्याने केली. भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याने रजा टाकली. पहाटे निघालो. आईने दह्याची वाटी पुढे केली, ती मी फक्त ओठांना लावली. सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. बाहेर जायच्या दिवशी कुठलं स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नसतो, म्हणून माझ्यासारख्या बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. असा दिवस काढला की डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते. कुठल्याही सवलतीच्या यादीत हा त्रास लिहिलेला नसतो.

घोडेगाव, मंचर, अवसरीचा घाट, पेठ, राजगुरुनगर. उजाडेपर्यंत रस्ता सरळ गेला. चाकणजवळ नेहमीप्रमाणे अडकलो. आमच्या पुढे नव्या कोऱ्या गाड्या दोन मजल्यांवर चढवून नेणारे लांब ट्रेलर उभे होते. चाकण, आकुर्डी, पिंपरी हा सगळा पट्टा वाहनांवर जगतो. आमच्या गावागावांतली पोरं इथल्या कारखान्यांत गाड्यांचे भाग जोडतात, माझा भाऊही त्यातलाच. गाडी जिथे जन्माला येते त्या रस्त्यावर आम्ही राहतो. त्या ट्रेलरकडे बघताना वाटलं, इतक्या गाड्या इतक्या दूर जाऊ शकतात, तर माझी एक शिनोलीपर्यंत यायला काय हरकत होती?

शोरूमच्या दाराला काळ्या ग्रॅनाइटच्या चार पायऱ्या होत्या. कठडा नव्हता. वर काचेचं जड दार आणि आत नुकतीच पुसलेली, आरशासारखी चकचकीत फरशी. ओल्या गुळगुळीत फरशीवर कुबडीचं रबर धरत नाही. एकदा घसरलं की पुढचं सावरणं हातात राहत नाही. पोलिओच्या पायाचं हाड बारीक असतं, ते मोडलं तर जुळायला फार वेळ घेतं. मी ईकोच्या सीटवरूनच हे सगळं पाहून घेतलं. कुठेही जाताना आम्ही आधी जमीन बघतो.

फोनवरचा मुलगा बाहेर आला, त्याच्यामागे आणखी तिघं. “मॅडम, खुर्ची आणतो. खुर्चीसकट उचलून नेतो तुम्हाला, एका मिनिटाचं काम.”

त्यांच्या मनात माया होती, हे मला दिसत होतं. तरी मी नाही म्हटलं. चार अनोळखी माणसांनी उचललेल्या खुर्चीत बसणं किती असुरक्षित असतं, हे बसणाऱ्यालाच कळतं. एकाचा हात सुटला तर पडणार मी. आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. त्या गाडीसाठी मी वर्षानुवर्षं पगारातून पैसे बाजूला ठेवले होते. ती घेताना मला माझ्या बळावर तिच्यापर्यंत जायचं होतं. इतर कुठल्याही ग्राहकाला तुम्ही उचलून आत नेत नाही. मग मलाच का न्यावं?

थोडा वेळ कुणालाच काही सुचेना. मग गेटवरचा वयस्कर वॉचमन जवळ आला. म्हणाला, “ताई, मागनं वर्कशॉपकडून या. गाड्या तिथनंच आत जातात. उतार हाय तिथं.”

ईको मागे घेतली. खरंच रुंद, लांब, खडबडीत काँक्रीटचा उतार होता. चाकं घसरू नयेत म्हणून त्यावर आडव्या रेघा पाडलेल्या होत्या. माझ्या कुबड्या त्या रेघांवर पक्क्या बसल्या. भाऊ शेजारून चालत होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. मी सावकाश आत गेले.

त्या उतारावर मला जे उमगलं ते आजही तितकंच खरं वाटतं. उतार कसा बांधायचा हे त्या इमारतीला ठाऊक होतं. चाकांना पायरी चढता येत नाही, म्हणून चाकांसाठी नीट मोजून, खर्च करून वाट केलेली होती. माणसांमध्येही पायरी न चढता येणारी असतात, एवढीच गोष्ट नकाशा काढताना कुणाच्या मनात आली नव्हती. त्यात दुष्टावा नव्हता. आमची आठवण नव्हती, इतकंच. आणि जे आठवणीतच नाही ते बांधलं जात नाही.

गाडी आत, डिलिव्हरीच्या जागेत फिती आणि फुगे लावून उभी होती. दोन्ही बाजूंना दुसऱ्या गाड्या. दार अर्धंच उघडत होतं. मला बसण्यासाठी ते पूर्ण उघडावं लागतं. आधी पाठ टेकून सीटवर बसायचं, मग कॅलिपरचं गुडघ्याजवळचं लॉक काढायचं, मग हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायचा. मी सांगितलं, गाडी बाहेर वर्कशॉपच्या अंगणात आणा. हिशेबाचा विभाग पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती. तेव्हा कागदही खालीच आणा म्हटलं. मुलगा घुटमळला, कारण फोटोचा पडदा आत लावलेला. त्याने मॅनेजरना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः वर जाऊन फाइल घेऊन आले आणि वर्कशॉपच्या सुपरवायझरच्या टेबलाशी सगळ्या सह्या झाल्या. तिथलं स्वच्छतागृह एका पायरीवर होतं, पण दाराला धरायला कडी होती. मी त्या दिवसातलं पहिलं पाणी तिथे प्यायले.

एक गोष्ट मी सही करायच्या आधी केली, ती इतरांनीही करावी. गाडीत बसून दांडी पूर्ण ढकलून आणि पूर्ण ओढून पाहिली. पूर्ण ओढली की दांडीचा खालचा भाग माझ्या कॅलिपरच्या लोखंडाला अडत होता. किट बसवणाऱ्याने ते साध्या पायाच्या मापाने बसवलं होतं, कॅलिपरची जाडी त्यात धरलेली नव्हती. फोन केल्यावर त्याचा मेकॅनिक आला आणि जोड थोडा सरकवून दिला. दुपार झाली. पण भर रस्त्यात हे कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

माझ्याकडे तेव्हा मोटारीचं शिकाऊ लायसन्स होतं. हात-नियंत्रण असलेली गाडी आमच्या भागातल्या कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलकडे नव्हती. किट बसवणाऱ्याच्या नमुन्याच्या गाडीवर मोकळ्या मैदानात सराव केला होता, तेवढाच. म्हणून चाकणची गर्दी आणि घाट भावाने पार केला. मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि म्हणाला, “ताई, ये आता इकडे.” पुढे-मागे लाल ‘एल’ लावलेला होता, शेजारी पक्क्या लायसन्सचा भाऊ होता. मी दांडी हलकेच ओढली.

स्कूटरवर मी रोज तोच रस्ता केला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा वारा अंगावर नव्हता. खांद्यांवर वजन नव्हतं. पाय जिथे ठेवले तिथे स्वस्थ होते. आयुष्यभर ज्या दोन हातांनी मला उचललं, ते आता फक्त दिशा देत होते आणि वेग देत होते. गावात पोचले तेव्हा आई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिने आधी मला ओवाळलं, मग गाडीला. काही महिन्यांनी पिंपरी-चिंचवड आरटीओत माझ्याच गाडीवर परीक्षा देऊन पक्कं लायसन्स घेतलं.

घरी आल्यावर मी शोरूमला पत्र लिहिलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. चार पायऱ्या, प्रत्येक सहा इंच, म्हणजे दोन फूट उंची. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत उताराचं प्रमाण एकास बारा दिलेलं आहे. दोन फुटांना चोवीस फूट लांबीचा उतार लागेल आणि दोन्ही बाजूंना कठडे. पहिल्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा त्यांनी पायऱ्यांवर लोखंडी पत्र्याचा उतार टाकलेला होता, जेमतेम सहा फुटांचा. तो इतका उभा होता, की व्हीलचेअर ढकलणारा माणूसही मागे घसरला असता. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी तो काढला आणि वर्कशॉपच्या बाजूचं दार ग्राहकांसाठी उघडं केलं. तिथे पाटी लावली, बाकडं ठेवलं. पत्राला उत्तर आलं नाही, पण दार झालं. माझं समाधान आहे.

हे त्यांच्या मर्जीवर सोडायची गरज नाही, हेही सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात लोकांचा वावर असलेली आणि व्यापारासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही येते. शोरूम येतं, बँक येते, कापडाचं दुकान येतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी बंधनकारकच हव्यात. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांची मूळ याचिका २००५ सालची. एका उतारासाठी, एका कठड्यासाठी किती काळ लढावं लागतं, हे त्या दोन वर्षांच्या आकड्यांत दिसतं.

२२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. मी ज्या फरकासाठी कागद जमवले तो फरकच आता राहिला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, सगळ्यांना गाडी स्वस्त मिळाली तर चांगलंच. पण त्यामुळे एक गोष्ट उघडी पडली. आमच्यासाठी काय केलं, असं विचारलं की आजवर सवलतीकडे बोट दाखवलं जायचं. सवलतीने किंमत कमी होते, पायरी कमी होत नाही. पैसे द्यायला आम्ही तयार आहोत. आम्हाला आत यायला जागा हवी आहे.

म्हणून माझ्यासारख्या ग्राहकाला मी एवढंच सांगेन, की बुकिंगचे पैसे भरण्याआधीच बोला. दारात पायऱ्या किती, कठडा आहे का, कागद तळमजल्यावर होतील का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे विचारा. गाडी घरी पोचवाल का, तेही विचारा आणि ‘हो’ म्हणाले तर बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. किट बसवताना कॅलिपर घालूनच माप द्या. गाडीत बसून पाहिल्याशिवाय सही करू नका. कुणी मायेने उचलायला आलं आणि तुम्हाला ते नको असेल, तर नाही म्हणायला संकोचू नका.

डिंभ्याकडच्या एका गावातला तरुण अलीकडे माझ्याकडे आला होता. उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय गेला. त्याला गाडी घ्यायची आहे, शहरात नेऊन भाजी विकायची आहे. त्याला हे सगळे प्रश्न मी कागदावर लिहून दिले. त्याने माझ्यासमोरच एका शोरूमला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला. पलीकडच्या माणसाने पायऱ्या मोजून सांगायला थोडा वेळ मागितला. त्यांनी त्या मोजल्या, परत फोन केला आणि गाडी मंचरपर्यंत आणून द्यायचं कबूल केलं. हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावा, ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीही. आम्ही विचारतो तेव्हा ती एकाची अडचण ठरते. सगळे विचारतील तेव्हा उतार नकाशातच येईल.